स्वागताचं भाषण

अभ्यासगटात सगळे मला पन्नाशीची बाई समजत होते. तसा समज व्हावा म्हणून मी काही केलं नव्हतं. तो दूर व्हावा म्हणूनही काही केलं नाही.

त्याचं असं झालं, की आई बारामतीत अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे आणि तिच्या ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी ती लिंक टाकली होती. ‘न्यूरोडायव्हर्सिटी समजून घेऊया, ऑनलाइन अभ्यासगट, दर रविवारी दुपारी.’ शेवटी प्रमाणपत्र मिळेल अशा समजुतीने आईने नाव नोंदवलं. पहिल्या रविवारी थोडा वेळ ऐकलं, प्रमाणपत्र नाही हे कळलं, मग लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, “बंद कर गं हे. मला विहारातल्या बायकांकडे जायचंय.” मी बंद केलं नाही. चौकटीत आईचं नाव होतं आणि कॅमेरा बंद होता. पुढच्या रविवारी मी त्याच लिंकवर पुन्हा गेले.

मी घरूनच काम करते. पुण्यातल्या एका कंपनीसाठी इंग्रजी मजकूर तपासते. जळोचीतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीतून एका बाजूला नव्या इमारती दिसतात, दुसऱ्या बाजूला ऊस. दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही, हे मला त्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं वाटतं. अभ्यासगटात मी काय शोधत होते, ते इथेही पूर्ण सांगणार नाही. एवढंच सांगते, की तिथे दुसऱ्यांच्या मुलांबद्दल जे बोललं जायचं, ते ऐकताना मला एका जागी बसवत नसे.

गटाची संचालिका, पुण्यातली एक मानसतज्ज्ञ, वयाने माझ्याएवढीच होती. ती दर आठवड्याला एक इंग्रजी लेख पाठवायची. कुणीतरी तो वाचायचा आणि रविवारी मराठीत समजावून सांगायचा. जोपर्यंत लोणी भापकरचे काका “कळलं” म्हणत नाहीत, तोपर्यंत पुढे जायचं नाही, असा नियम आपोआपच पडला होता. काका बागायतदार. त्यांची चार वर्षांची नात बोलत नव्हती, म्हणून ते आले होते. घरात रेंज नसल्यामुळे ते विहिरीवरच्या मोटरच्या खोलीत खाट टाकून बसत.

“म्हंजी माजी नात बिघडल्याली न्हाय,” ते एकदा म्हणाले. “तिचं डोकंच येगळ्या रीतीनं चालतंय. बराबर?”

“बरोबर, काका.”

“मग डाक्टरकडं कशापायी न्यायची?”

“न्यायचीच,” संचालिका म्हणाली. “जिथे अडतं तिथे मदत घ्यायची. फक्त तिची दुसरीच मुलगी करून आणायला नाही न्यायचं.”

काकांनी मान डोलावली. “कळलं. पर हे आमच्या घरात तुमी येऊन सांगा. माजं कोन ऐकत न्हाय हितं.”

मी कधी बोलले नाही. माझी पाळी आली तेव्हा मास्किंगवरचा लेख आला होता. आतून जे होतंय ते झाकून, बाकीच्यांसारखं वागण्याची नक्कल करत राहणं, असा त्याचा अर्थ. तो लेख वाचताना मी मधेच उठून जिना उतरून खाली गेले, आईने विचारलं काय हवंय, मी काही नाही म्हणून पुन्हा वर आले. असं बऱ्याचदा झालं. शेवटी मी तो मराठीत लिहून काढला आणि चॅटमध्ये टाकला. माझं मराठी लिहिणं हळू चालतं. शाळा इंग्रजी, त्यामुळे जोडाक्षरांशी अजूनही थांबावं लागतं. संचालिकेने तो मजकूर वाचून दाखवला.

“वैनींचं लिवनं झ्याक हाय,” काका म्हणाले. “पर बोलत का न्हाईत त्या?”

“घरात माणसं असतील हो,” गटातल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या. “बायकांना रविवारी दुपारी कुठे निवांत बोलता येतं?”

माझ्यासाठी इतकी सोयीची सबब मीसुद्धा शोधली नसती.

या मुख्याध्यापिकांमुळेच मी गट सोडणार होते आणि त्यांच्यामुळेच सोडला नाही. दुसऱ्याच रविवारी मी त्यांना आवाजावरून ओळखलं होतं. वाक्य सुरू करण्याआधी त्या पेनाचं टोक टेबलावर टकटक वाजवायच्या, तेही तसंच होतं. इंदापूरला प्राथमिक शाळेत त्या माझ्या वर्गशिक्षिका होत्या. आता केस पांढरे झाले होते आणि त्याच शाळेच्या त्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी मला ओळखण्याचा प्रश्न नव्हता. आईला त्या कधी भेटल्या नव्हत्या, शाळेत वडीलच यायचे, आणि आमचं आडनाव या भागात गल्लोगल्ली सापडतं.

अनुभव सांगताना मुलांची नावं घ्यायची नाहीत, असा गटाचा दुसरा नियम होता. मॅडमनी तो काटेकोर पाळला.

“नाव घेत नाही,” पुढच्या एका रविवारी त्या म्हणाल्या. “पण माझ्याकडे पूर्वी एक मुलगी होती. वडील तहसीलमध्ये क्लार्क. एसटी स्टँडच्या मागे सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. मूळचे बारामतीकडचे, बौद्ध कुटुंब, घरातली इंग्रजी शाळेत आलेली ही पहिलीच मुलगी. निळ्या दांडीचा चष्मा होता.”

“म्याडम, आता फकस्त आधार नंबर ऱ्हायला,” काका म्हणाले.

सगळे हसले. मॅडमही हसल्या. मी लॅपटॉपपासून खुर्ची मागे सरकवली. कॅमेरा बंद असतो हे माहीत असूनही.

त्यांना सगळं आठवत होतं. घंटा झाली की ती मुलगी कान दाबून धरायची. डबा झाकणात काढून घेऊन खायची, कुणाचा हात लागला की खायचीच नाही. विचारल्याशिवाय बोलायची नाही, विचारल्यावरही नाही. मग मॅडमनी ठरवलं, हिला बाहेर काढायचं. गॅदरिंगला पाहुण्यांच्या स्वागताचं इंग्रजी भाषण तिला दिलं. रोज मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये उभं करून म्हणून घेतलं. “पहिल्यांदा रडायची. मी सोडलं नाही. आणि त्या दिवशी सांगते तुम्हाला, एकदाही न अडखळता बोलली. पाहुणे थक्क. वडिलांच्या डोळ्यांत पाणी. त्यानंतर ती मुलगी खुललीच.”

मला जे आठवतं ते असं. लाउडस्पीकरची शिट्टी. पाहुण्यांच्या डोक्यावरची एक ट्यूबलाइट, जिच्याकडे बघत राहिलं की समोरची माणसं पुसट होतात. बोलणारा आवाज माझाच होता, पण तो माझ्या डाव्या बाजूला कुठेतरी चालला होता. मला तेव्हा शोध लागला, की असं बाजूला उभं राहता येतं आणि कुणाला कळत नाही. उलट टाळ्या मिळतात. पुढची सगळी शाळा, कॉलेज, मुलाखती, पाहुण्यांसमोर चहा नेणं, हे सगळं मी त्याच युक्तीवर केलं. मॅडम म्हणत होत्या त्या अर्थाने मी खुलले नव्हते. मला फक्त आतून कडी लावायला जमलं होतं.

“हे सांगायचं कारण,” मॅडम म्हणाल्या, “आता माझ्याकडे दुसरीत हुबेहूब तशीच एक मुलगी आहे. गॅदरिंग शनिवारी आहे. तेच भाषण तिला दिलंय.”

संचालिकेने काही म्हणायला तोंड उघडलं. “मॅडम, यावर आपण जरा—” आणि वेळ संपल्यामुळे मीटिंग आपोआप बंद झाली. फुकटच्या खात्यावर ती नेहमीच अशी मधेच बंद व्हायची आणि मग पुढचं पुढच्या रविवारी. एरवी मला ते बरं वाटायचं.

सोमवारी मी आईच्या फोनवर मॅडमना मेसेज लिहायला बसले, कारण त्या गटात नंबर आईचा होता. ‘नमस्कार, मुलीला भाषण देऊ नका’ असं लिहिलं आणि खोडलं. आई म्हणून लिहावं, की मी म्हणून? आई म्हणून लिहिलं तर त्याला काय वजन? मी म्हणून लिहिलं तर पहिली ओळच मला लिहिता येईना.

“माझ्या फोनवर काय टाइप करतेस एवढं?” आई म्हणाली.

मी तिला सांगितलं. मॅडम भेटल्यात, आणि माझ्या भाषणाची गोष्ट सांगत होत्या.

“काय बोलली होतीस तू तेव्हा,” आई म्हणाली. “बाबा आठवडाभर जमिनीवर नव्हते. ऑफिसातल्या साहेबाला व्हिडिओ दाखवला. आजोबांना दाखवला. त्यांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही, तरी पुन्हा लाव म्हणाले.”

हेच तर. त्या भाषणाला मी वाईट म्हणू शकत नव्हते. आमच्या घरात कुणी माइकसमोर उभं राहणं, तेही इंग्रजीत, याची किंमत मला माहीत आहे. पण मंगळवारीही मला काम सुचलं नाही. तपासायला दिलेल्या मजकुरातली एकच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचत होते. शनिवार जवळ येत होता आणि इंदापुरात त्याच स्टाफरूममध्ये एक मुलगी मधल्या सुट्टीत उभी होती.

फोन करण्यापेक्षा एसटीने जाणं मला सोपं वाटतं, हे लोकांना पटत नाही. फोनवर लगेच उत्तर द्यावं लागतं. एसटीत तयारी करता येते. बुधवारी सुट्टी टाकून निघाले. सणसरपासून पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे बस रांगत होती, आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. मॅडम, तुम्ही चांगल्या हेतूने केलंत, पण. मॅडम, मास्किंगचा तो लेख आठवतो का. पुढे जंक्शन गावच्या थांब्यावर बसमध्ये गर्दी वाढली, शेजारी बसलेल्या आजींनी भाजीची पिशवी माझ्या पायावर ठेवली आणि माझी जुळवलेली सगळी वाक्यं विस्कटली. निमगाव केतकी गेलं तेव्हा मला परत फिरावंसं वाटायला लागलं होतं.

शाळेच्या ऑफिसात मॅडमनी मला ओळखायला थोडा वेळ घेतला.

“निळा चष्मा,” मी म्हणाले.

“अगं बाई, तू?” त्या खुर्चीतून उठल्या. “परवाच तुझी आठवण काढली मी. ऑनलाइन एक गट आहे आमचा—”

“मी असते त्यात. आईच्या नावाने.”

त्या बघत राहिल्या. मग पेन उचलून टेबलावर टकटक केलं. “मास्किंग तू लिहिलं होतंस?”

“हो.”

“बाबा बरे आहेत?”

“बरे आहेत.”

चहा आला. मॅडमचा चेहरा उजळला होता. मी आभार मानायला आले आहे असं त्यांना वाटतंय, हे मला दिसत होतं आणि ते कसं मोडावं ते कळत नव्हतं. मी काही म्हणण्याआधीच त्यांनी मावशींना पाठवून दुसरीच्या वर्गातून त्या मुलीला बोलावून घेतलं. बारीक, घट्ट वेण्या, बूट चकचकीत. मोजे उलटे घातलेले होते, शिवणीचे दोरे बाहेर दिसत होते.

“ही दीदी बघ,” मॅडम तिला म्हणाल्या. “लहान असताना ही अगदी तुझ्यासारखीच होती. आणि तिने हेच भाषण केलं होतं. विचार तिला, भीती वाटली का?”

मुलीने विचारलं नाही. ती माझ्या हातातल्या कपाकडे बघत होती. पण प्रश्न खोलीत पडलेला होता आणि उत्तर मलाच द्यायचं होतं. बसमधली कुठलीच तयारी इथे चालणार नव्हती.

“वाटली,” मी म्हणाले. “खूप. आणि ती नंतरही गेली नाही. मी फक्त दाखवायची बंद केली.”

मॅडमचं पेन थांबलं. बाहेर कुठल्यातरी वर्गात पाढे चालले होते.

“मला कधी सांगितलं नाहीस,” त्या म्हणाल्या. आवाज रागाचा नव्हता, पण मोकळाही नव्हता.

“तेव्हा मला माहीत नव्हतं. हे सगळं आता गटात वाचून कळतंय.”

त्यांनी कप बाजूला सरकवला. मग मुलीकडे वळल्या. “बरं. तू सांग. करायचं ना भाषण?”

“यस मॅम,” मुलगी म्हणाली.

हे ‘यस मॅम’ मला चांगलं ठाऊक होतं. त्यात काहीच नसतं. समोरचा प्रश्न संपावा म्हणून ते म्हणायचं असतं. मी मॅडमना विचारलं, हिला जरा बाहेर घेऊन जाऊ का. त्या म्हणाल्या, जा. खिडकीतून त्या आमच्याकडे बघत राहिल्या, ते पाठीला जाणवत होतं.

मैदानात मंडपवाले स्टेज बांधत होते. आम्ही पायरीवर शेजारी शेजारी बसलो, दोघींची तोंडं स्टेजकडे. गटात हे आम्ही शिकलो होतो, की समोरासमोर बसवून डोळ्यांत बघायला लावू नये, प्रश्नामागे प्रश्न टाकू नयेत, उत्तराला वेळ लागतो तो लागू द्यावा. शिकणं सोपं होतं. तिथे बसल्यावर मात्र माझीच चुळबुळ थांबेना. मला तिच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायची होती. भाषण नको. ती एवढं म्हणाली असती की मी उठून मॅडमना सांगितलं असतं आणि सगळं मिटलं असतं, तिचंही आणि माझंही.

एक माणूस हिरव्या चटईची गुंडाळी स्टेजवर उलगडत होता. प्लास्टिकच्या गवताची असते ती, लग्नाच्या मंडपात घालतात.

“ते टोचतं,” मुलगी म्हणाली.

मी थांबले. पुढे काही येईल असं वाटलं, आलं नाही. “चटई?” मी विचारलं.

“तालमीला हॉलमध्ये तीच असते. बूट काढायला लावतात. दिवा असतो म्हणून.”

स्टेजवर समई असते, फोटो मांडलेले असतात, तिथे चपला-बूट घालून कुणी चढत नाही. आमच्याही वेळी तसंच होतं. माझ्या तळव्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. मला आवाजाचं होतं.

“आणि भाषण?” मी म्हणाले. “ते आवडत नाही का?”

तिने माझ्याकडे न बघता भाषण म्हणायला सुरुवात केली. रिस्पेक्टेड चीफ गेस्ट पासून. मंडपाच्या खांबांकडे बघत, एका लयीत, काही शब्दांवर मुद्दाम जोर देऊन. एका ठिकाणी तिने हातही पसरला. तिला ते आवडत होतं. मंडपवाल्यांपैकी एक जण काम थांबवून ऐकायला लागला, तेव्हा ती थांबली, आणि तो पुन्हा खिळे ठोकायला लागल्यावर पुढे म्हणायला लागली.

खरं सांगायचं तर माझी थोडी निराशा झाली. मी माझ्यासारख्या मुलीला वाचवायला आले होते, आणि इथे दुसरीच मुलगी होती. मॅडमनी तिला बघून ‘हुबेहूब’ म्हटलं होतं. न बघताच तोच शब्द मीही धरून बसले होते.

मॅडमना मी चटईचं सांगितलं. त्यांना आधी ते थट्टेचं वाटलं. “एवढंच?” मग म्हणाल्या, “बूट घालून स्टेजवर कशी चढवू? पालक मलाच बोलतील. समईसमोर बूट.”

“खाली उभी राहू दे. जमिनीवर, पाहुण्यांच्या समोर.”

“मग ते स्टेजवरचं भाषण राहत नाही.”

“नाही राहत.”

त्यांनी चहाचा रिकामा कप उचलून पुन्हा ठेवला. “आणि मधेच थांबली तर?” त्या म्हणाल्या. “तू थांबली नव्हतीस.”

“थांबली तर थांबू द्या, मॅडम. मागून ओळी सांगू नका.”

“हे कठीण आहे माझ्यासाठी,” त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

शनिवारी मी पुन्हा इंदापूरला गेले. घरी सांगताना आईला म्हणाले, शाळेचं गॅदरिंग आहे. आई म्हणाली, “तू आणि गॅदरिंग?” आणि सोबत यायला निघाली, तिला मी नको म्हणाले.

मागच्या रांगेत, जायच्या वाटेजवळ खुर्ची धरली. लाउडस्पीकर लावले होते, त्यामुळे कानात कापूस. मुलगी बूट घालून स्टेजच्या पुढ्यात जमिनीवर उभी राहिली, तेव्हा मागच्या पालकांना ती दिसेना. माना उंचावल्या गेल्या. “वर का न्हाय चढवली?” माझ्या पुढचे गृहस्थ शेजारणीला म्हणाले. ती म्हणाली, “लहान हाय. पडंल म्हनून असंल.”

ती छान बोलली. पाहुण्यांचं स्वागत झालं, शाळेची माहिती अर्धी झाली, हात पसरायची जागा आली आणि तिने हात पसरला. मग माइकने लांब शिट्टी मारली. ती थांबली. माइककडे बघितलं. मॅडम पहिल्या रांगेत होत्या, मला त्यांची पाठ दिसत होती. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. त्यांचे ओठ पुढची ओळ म्हणायला लागलेच असतील. मी खुर्चीचा दांडा धरला. मॅडम तशाच अर्धवट उभ्या राहिल्या आणि मग खाली बसल्या.

मुलगी वाट बघत होती की विचार करत होती, कळत नव्हतं. मैदान कुजबुजायला लागलं. मग तिने माइक शेजारच्या सरांच्या हातात दिला, “थँक यू” म्हणाली आणि चालत आपल्या वर्गाच्या रांगेत जाऊन बसली. पाहुण्यांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग बाकीच्यांनी. तिने मैत्रिणीकडून चिक्कीचा तुकडा घेतला आणि खायला लागली. घाम मला आला होता.

कार्यक्रम संपल्यावर मॅडम मला फाटकापाशी भेटल्या. गळ्यातली शाल काढून हातात घेतली होती, चेहरा दमलेला.

“अर्धं राहिलं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“तिचे वडील काही बोलले नाहीत. नाराज असतील.” त्यांनी शालीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. “एक विचारू? तेव्हा मी तुला थांबू दिलं असतं, तर थांबली असतीस?”

तेव्हा पहिल्या रांगेत बाबा फोन धरून उभे होते. आजोबांना ते बघायचं होतं. आणि ती ट्यूबलाइट होती, जिच्याकडे बघितलं की कुणीच दिसत नव्हतं.

“माहीत नाही,” मी म्हणाले.

मॅडमनी मान हलवली. उत्तर त्यांना पुरेसं वाटलं की नाही, ते मी विचारलं नाही. स्टँडवर बारामतीची गाडी लागली होती. गाडीत बसायला जागा होती, तरी पुष्कळ वेळ मी उभीच राहिले, मॅडमचा तो प्रश्न घेऊन.